वाट कुणाच्या दारात बघायची?

(आपल्या सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण, बोललं गेलं तसंच.)

भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, हात थांबवायची गरज नाही.

गेले दोन महिने गटांच्या बैठकींना फिरत होते. गावं वेगळी, पण एक प्रश्न सगळीकडे आला. कुणी मोठ्यानं विचारला, कुणी बैठक संपल्यावर पायात चप्पल घालता घालता हळूच विचारला. "ताई, इतकं करतेय देवाचं. सोमवार धरला, गुरुवार धरला, अनवाणी जाऊन आले. तरी तो ऐकत का नाही?" एकीचं मागणं मुलासाठी. एकीच्या नवऱ्याची दारू. एकीचा पोरगा चार वर्षं पोलीस भरतीसाठी पळतोय आणि दर वेळी थोडक्यात राहतोय. एकीच्या आईचा आजार असा की औषध चालू आहे, पैसाही चालू आहे, आणि उतार काही नाही.

मी कीर्तनकार नाही. देव का ऐकत नाही ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि जो कुणी छातीठोकपणे ते सांगतो त्याच्यापासून जरा लांबच बसावं असं माझं मत आहे. पण वाट कशी बघावी ह्याबद्दल बोलता येईल. कारण त्या बाबतीत आपल्या भागातल्या बायकांजवळ सातशे वर्षांची शिदोरी आहे.

पुंडलिकाची गोष्ट मी तुम्हाला सांगायला नको. आईबापाचे पाय चेपत बसला होता, दारात देव आला, तर ह्यानं वीट सरकवली आणि म्हणाला, उभा राहा जरा. तेव्हापासून देव उभाच आहे. कुणाचा देव सिंहासनावर बसलेला असतो, कुणाचा वाहनावर. आपल्या वाट्याला आला तो कमरेवर हात ठेवून ताटकळलेला. म्हणजे वाट बघणं काय असतं हे त्याला सांगावं लागत नाही! आणि त्या गोष्टीतली एक बारीकशी बाब मला फार आवडते. पुंडलिक हातातलं काम टाकून उठला नाही, आणि देवाला त्याचा राग आला नाही. तेव्हा घरात सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत म्हणून ज्या वहिनीला दोन वर्षं वारीला जाता आलं नाही, तिनं मनाला लावून घ्यायचं काही कारण नाही.

आता वारीचंच बघा. आळंदीहून माउलींची पालखी निघते, देहूहून तुकोबांची. अडीचशे किलोमीटरच्या आसपासची चाल, अठरा-वीस दिवस. पायाला फोड, अंगावर ओलं लुगडं, रात्री जिथं जागा मिळेल तिथं पाठ टेकायची. एवढं करून पंढरपुरात पोचल्यावर पदस्पर्शाची रांग अशी लांबलचक असते की सगळ्यांना आत जायला मिळत नाही. कित्येक जणी चंद्रभागेत अंघोळ करतात, नामदेव पायरीशी डोकं टेकतात, लांबून कळस बघतात आणि घरची एसटी धरतात. गावात आल्यावर विचारा, "दर्शन झालं का गं?" तर म्हणतात, "झालं की!" आणि ते खोटं नसतं. तोंडावर दिसतं.

ज्या नामदेव पायरीशी त्या डोकं टेकतात, तिच्यासमोरच एक समाधी आहे. संत चोखामेळा यांची. आज मला खरं बोलायचंय ते ह्या चोखोबांबद्दल, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरातल्या बायकांबद्दल.

चोखोबा मंगळवेढ्याचे रहिवासी. पंढरपूरपासून ते पंचवीसेक किलोमीटर. तुमच्यातल्या बऱ्याच जणींना मंगळवेढा ज्वारीमुळे माहीत असेल, तिथल्या मालदांडीची भाकरी एकदा खाल्ली की दुसरी नको वाटते. महार जातीत जन्मलेले. मेलेली ढोरं ओढायची, गावकीची कामं करायची आणि उष्टं-शिळं मिळेल त्यावर पोट भरायचं, असं त्या काळचं जगणं. पंढरीच्या विठोबावर जीव. पण देवळात जायला बंदी. पायरीपर्यंत यायचं आणि तिथून माघारी फिरायचं. आयुष्यभर एकच मागणं, तुला एकदा जवळून बघू दे. ते मागणं पुरं झालं नाही. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबाही गेले. नामदेव महाराज त्यांच्या अस्थी घ्यायला मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यातल्या कुठल्या अस्थी चोखोबांच्या, हे कसं ओळखायचं? तर ज्या हाडांमधून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती त्यांची, अशी कथा सांगतात. त्या अस्थी पंढरपुरात आणून महाद्वाराबाहेर समाधी बांधली. म्हणजे मेल्यावरही दाराच्या बाहेरच.

विचार करा, आज ज्यांना गर्दीमुळे आत जाता येत नाही त्या सगळ्या जणी, ज्याला कधीच आत जाऊ दिलं नाही त्याच्याजवळ येऊन वाकतात. हे कुणी ठरवून केलं असेल असं नाही. पण झालंय खरं.

चोखोबांची बायको सोयराबाई. त्यांची बहीण निर्मळाबाई, तिचा नवरा बंका, आणि मुलगा कर्ममेळा. ह्या घरातली पाचही माणसं अभंग रचणारी. सोयराबाईंचे साठेक अभंग आज मिळतात. अवघा रंग एक झाल्याचा जो अभंग किशोरीताई आमोणकरांनी भैरवीत गायलाय आणि जो ऐकताना आपण हातातलं काम विसरतो, तो ह्या सोयराबाईंचा. पुष्कळांना तो गाणं म्हणून माहीत आहे, पण तो कुणाच्या झोपडीतून आला हे माहीत नसतं. अभंगात ती बाई स्वतःला चोख्याची महारी म्हणवते. लाज नाही, लपवाछपवी नाही.

सोयराबाईंना बरीच वर्षं मूल नव्हतं, असं सांगतात. आणि त्यांनी काय केलं? देवाला ऐकवलं. तू आमच्याकडे बघत नाहीस, आमच्या घरात ही उणीव ठेवलीस, अशी गाऱ्हाणी मांडली. पुढं त्यांना मुलगा झाला. बाळंतपणाच्या वेळी चोखोबा घरात नव्हते, तेव्हा खुद्द विठ्ठलच नणंदेचं रूप घेऊन आला आणि सोयराबाईंचं बाळंतपण करून गेला, अशी गोष्ट आहे. पुरुष देव, आणि सुईणीचं काम! ही गोष्ट पहिल्यांदा कुठल्या बाईनं कुणाला सांगितली असेल, ह्याचा मी कधी कधी विचार करते. ती बाई नक्कीच अडलेली असणार. जवळ कुणी नाही, रात्रीची वेळ, आणि कुणीतरी यावं एवढंच मागणं.

आणि मग ह्या घरातला पोरगा, कर्ममेळा. त्यानं बापासारखं नम्रपणे सोसलं नाही. त्याच्या अभंगांत राग आहे. आम्हाला असल्या जातीत का घातलंस, उष्टं खायला का लावलंस, तुला लाज कशी वाटत नाही, अशा अर्थाचं तो देवाला सरळ तोंडावर विचारतो. त्या रागाचे अभंग वारकऱ्यांनी फेकून दिले नाहीत, सांभाळून ठेवले, त्यालाही संत म्हटलं.

हे मी एवढं सविस्तर सांगतेय त्याचं कारण आहे. बैठकीत जी बाई म्हणाली ना, "देव ऐकत नाही असं मनात आलं तरी मला भीती वाटते, पाप लागेल," तिच्यासाठी सांगतेय. ताई, देवाशी भांडणं हा आपल्याकडे भक्तीतलाच प्रकार आहे. जनाबाईंचं बघा. गंगाखेडची पोर, लहानपणी नामदेवांच्या घरी कामाला आली ती तिथलीच झाली. दळणकांडण, शेणपाणी, सगळं तिच्या अंगावर. तिनं विठोबाला शिव्या घातल्यात, आणि तोच विठोबा तिच्याबरोबर दळायला बसतो असंही तीच सांगते. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचं जातं म्हणून दाखवतात, बायका तिथं आवर्जून जातात. जिच्याबरोबर बसून कुणी दळण दळतो, तिला त्याला चार शब्द सुनवायचा हक्क असतोच की.

आपल्या आज्यांनी हा हक्क पुरेपूर वापरला. पहाटे चारला जात्यावर बसायचं. नवऱ्याला बोलता येत नाही, सासूला बोलता येत नाही, माहेर लांब. मग बोलायचं ते जात्याशी आणि विठ्ठलाशी. हेमा राइरकर आणि गी पॉइटव्हँ ह्या दोघांनी गावोगाव फिरून अशा ओव्या गोळा करायचं काम उभं केलं. हा गी मूळचा फ्रान्सचा, पण आपल्या मावळात बायकांच्या ओसरीवर बसून ओव्या ऐकणारा. एक लाखाहून जास्त ओव्या त्या कामातून जमल्या. एक लाख! त्यांत भाऊ आहे, लेक आहे, पाऊस आहे, सीता आहे, आणि न ऐकलेली मागणीही आहेत. ज्या बायांनी त्या गायल्या त्यांच्यातल्या कितीजणींचं मागणं पुरं झालं असेल? फारसं नाहीच. पण पीठ मात्र रोज पडलं. आणि ओवी म्हणताना दगड हलका होतो, हे जिनं जातं ओढलंय तिला सांगायला नको.

आता मी माझ्या घरातलं सांगते. तिला विचारूनच सांगतेय. माझी थोरली बहीण. लग्नाला चोवीस वर्षं झाली, मूल नाही. पहिली सहा-सात वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून देव पालथे घातले. तुळजापूर झालं, जेजुरी झाली, कुणी सांगितलं म्हणून एका झाडाला दोरा झाला. उपास करून करून तिचं रक्त इतकं कमी झालं की शेतात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघांचीही तपासणी करा. दाजी दोन वर्षं तयारच होईनात. आणि ह्या दोन वर्षांत गाव काय म्हणत होतं? तिलाच बोलत होतं. पुढं तपासण्या झाल्या, औषधं झाली, एक म्हैस आणि सोन्याची बोरमाळ विकून शहरात मोठा उपचारही एकदा झाला. नाही झालं मूल.

मधली काही वर्षं ती देवळात जायची बंद झाली होती. आम्ही कुणी काही म्हटलं नाही. मग एका कार्तिकात पुन्हा काकड्याला जाऊन बसली. मी विचारलं, "आक्का, राग गेला का?" तर म्हणाली, "राग आहेच. पण एकटीनं घरात बसून रागावण्यापेक्षा तिथं जाऊन रागवावं म्हटलं. चार माणसांचा आवाज असतो." नंतर बऱ्याच दिवसांनी, शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा आपण होऊन म्हणाली, "अजून मागते गं कधी कधी. सवयच लागलीय तोंडाला. पण आता महिने मोजत नाही. मोजायचं सुटलं तेव्हापासून झोप लागते."

शांती म्हणजे काय, ह्यावर मी मोठमोठी प्रवचनं ऐकलीत. आक्काचं हे बोलणं मला त्या सगळ्यांहून जास्त कळलं. तिचं मागणं संपलेलं नाही, दुखणंही संपलेलं नाही. पण देवाशी तिचं बोलणं आता त्या एकाच मागणीला टांगलेलं नाही. बी-भरणाचं सांगते, म्हशीचं सांगते, माझ्या पोरांचं सांगते. जुन्या ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं.

नवसाबद्दल मात्र मला जरा कडक बोलायचंय. नवस म्हणजे व्यवहार. तू हे दे, मी ते देते. आणि व्यवहार फसला की मन दोन्हीकडून कुरतडतं, एक तर देव खोटा किंवा मी कमी पडले. बहुतेक बायका दुसरंच धरतात, मीच कमी पडले. मग अजून एक उपास, अजून एक वार. वारकरी संतांना हा व्यवहार मान्य नव्हता, तुकाराम महाराजांनी तर नवसाच्या वेडाची सणसणीत टर उडवली आहे. आणि तुकोबा काही सुखात बसून बोलत नव्हते. १६३० च्या आसपासच्या मोठ्या दुष्काळात त्यांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, धंदा बसला. त्यांनीही देवाला मागितलं असेलच. नाही मिळालं.

तरी कुणाला नवस बोलावासाच वाटला, तर नारळाचा बोला, बत्ताशाचा बोला. गटातून कर्ज काढून बकऱ्याचं जेवण घालू नका. कर्जाचा हप्ता देव भरत नाही, तो तुमच्या कोंबड्या आणि दूध विकूनच भरावा लागतो, हे आपल्या प्रत्येक गटाच्या वहीत लिहिलेलं आहे. आणि जो बाबा, महाराज, जो कुणी असेल तो, "माझ्याजवळ शक्ती आहे, एकटीच ये, मूल होईल" असं म्हणतो, त्याच्या दारात पाय ठेवू नका. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तक्रार पोलीस ठाण्यात करायची, आणि जाताना गटातल्या चारजणी बरोबर घ्यायच्या. मूल न होण्याचं कारण पुरुषाच्या शरीरात असणं हेही अगदी सर्रास आढळतं. त्यामुळे तपासणी दोघांची, आणि पहिल्याच वर्षी. दत्तक घ्यायचं मनात असेल तर सरकारच्या कारा ह्या संस्थेकडे नाव नोंदवावं लागतं. तिथंही थांबावं लागतं, काही वर्षं लागतात. पण नाव लवकर घातलं तर थांबणं लवकर सुरू होतं. दवाखान्यातून किंवा मध्यस्थाकडून परस्पर मूल आणणं हा गुन्हा आहे, तेही जाता जाता सांगून ठेवते.

आता पुन्हा चोखोबांच्या दाराकडे येऊ. कारण ते दार बंद कुणी केलं होतं? विठोबानं? तो तर वीट सोडून हलला नव्हता. दार माणसांनी बंद केलं होतं. चोखोबा देवाकडे मागत होते, आणि अडवणारे बडवे आणि गाव होतं. १३३८ साली चोखोबा गेले, आणि ते दार उघडलं १९४७ साली. सहाशे नऊ वर्षं. तेही आपोआप नाही उघडलं. श्यामची आई लिहिणारे साने गुरुजी त्यासाठी आधी महाराष्ट्रभर फिरले, सेनापती बापट त्यांच्यासोबत होते. गावोगावची देवळं आणि पाणवठे खुले करा म्हणून सभा घेतल्या. आणि मे १९४७ मध्ये ऐन उन्हाळ्यात गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. तेव्हा कुठं मंदिर सगळ्यांना खुलं झालं. त्यावर काही मंडळींनी विठ्ठलाच्या मूर्तीतलं तेज आधीच घागरीत काढून घेतलं, असं सांगितलं जातं. घागरीत! देव मात्र काही बोलला नाही, आणि लोकही दर्शनाला येतच राहिले.

आणि सगळेच काही त्या दारात थांबले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २ मार्च १९३० ला नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. त्यात बायका होत्या, आयाबाया घर सोडून आल्या होत्या. काही वर्षं चालला, दार उघडलं नाही. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी बुद्धाची वाट धरली. आपल्या गटांमधल्या कितीतरी मैत्रिणी त्याच घरांतल्या आहेत. त्यांच्या आज्यांनी ठरवलं की ह्या दाराशी आता थांबायचं नाही. पण चोखोबांना बाबासाहेब विसरले नाहीत. १९४८ साली अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, ते त्यांनी ज्या तीन संतांना अर्पण केलं त्यांत एक चोखामेळा आहेत.

हे सगळं मी राजकारण म्हणून सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपण जेव्हा म्हणतो "देव ऐकत नाही", तेव्हा एकदा नीट बघावं की आपण नेमक्या कुणाच्या दारात उभ्या आहोत. आईचा आजार, पावसाचं ओढ देणं, पोटात गर्भ न राहणं, ह्यांत सगळं करून झाल्यावर जे उरतं ते खरोखर आपल्या हातात नसतं. तिथं देवाच्या दारात बसावं, भांडावं, रडावं, नाव घ्यावं, आणि नाही मिळालं तरी आक्कासारखं तिथं बसून राहता येतं. पण नवऱ्याचा मार? तो देवाच्या दारातला विषय नाही. संत बहिणाबाईंचा नवरा त्यांना मारत असे, त्यांच्या भक्तीवरून मारत असे, हे आपण श्रद्धेनं वाचतो. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी त्या बाईजवळ दुसरा काही रस्ता नव्हता. आज २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. १८१ हा बायकांच्या मदतीचा नंबर आहे, ११२ पोलिसांचा आहे. सोळा सोमवार करायचे असतील तर खुशाल करा, पण पहिल्या सोमवारच्या आधी फोन करा.

आणि गावाचं बोलणं? आक्काला डोहाळजेवणाला बोलवत नसत. हळदीकुंकवाला बोलावलं तरी ओटी भरायची वेळ आली की तिला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं. तेव्हा ती देवाकडे काय मागायची, माहीत आहे? मूल नव्हे. "मला चार बायकांत बसू दे," हे मागायची. आता सांगा, हे मागणं पुरं करायला देव कशाला हवा होता? ते तर आम्हीच करू शकत होतो. तिच्या गावच्या गटानं तीन वर्षांपूर्वी ठरवलं, संक्रांतीला गटाचं एकच हळदीकुंकू, आणि ओटी सगळ्यांची भरायची. विधवा असो, सोडलेली असो, मूल नसलेली असो. पहिल्या वर्षी दोन म्हाताऱ्या रुसून घरी गेल्या. दुसऱ्या वर्षी त्याच वाणाचे डबे वाटायला पुढं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं तर मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठरावच केला, नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद. पुढं सरकारनंही इतर गावांनी असंच करावं म्हणून पत्रक काढलं. तुमच्या ग्रामसभेत हा ठराव झालाय का, जरा चौकशी करा. झाला असेल तर तो पाळला जातोय का, तेही बघा.

आज माझ्याजवळ वेळ थोडाच उरलाय, तेव्हा एक काम सांगून थांबते. तुमच्या गावात जात्यावर बसलेली, ओव्या येणारी म्हातारी अजून असेल. तिच्याजवळ जाऊन बसा. तिला विचारा, "आजी, तू देवाकडं काय मागितलंस आणि त्यानं काय दिलं नाही?" आधी हसेल. मग पदर सारखा करेल आणि सुरू होईल. नातवाच्या फोनवर रेकॉर्ड करून गटाच्या ताईंकडे द्या, त्या आमच्यापर्यंत पोचवतील. पुढच्या महिन्यातला कार्यक्रम आपण त्या ओव्यांचाच करू. आवाज थरथरला तरी चालेल, मधेच कोंबडा आरवला तरी चालेल. आणि ओवीत विठोबाला शिव्या असतील तर त्या आम्ही कापणार नाही.

राम कृष्ण हरी, जय भीम, सलाम. भाकरी करपली नसेल अशी आशा करते.